शाळेतील संगणकावर मुलांची दृष्टी कशी तपासावी

फळ्यावरचे चुकीचे उतरवून घेणाऱ्या किंवा वाचताना वारंवार ओळ चुकणाऱ्या मुलावर ‘अभ्यासात लक्ष नाही’ असा शिक्का मारण्यापूर्वी त्याचे डोळे तपासले गेलेच पाहिजेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झाला आणि त्याच्या आरोग्य पथकाने वर्षातून एकदा तपासणीसाठी शाळेत यावे अशी योजना आहे. परंतु चष्म्याचा नंबर वर्षभरात कधीही लागू शकतो, म्हणून मधल्या काळात शिक्षकांनी लॅपटॉपवर प्राथमिक चाचणी घ्यावी.

चाचणीसाठी चारही दिशांना वळणारे इंग्रजी ‘ई’ हे चिन्ह निवडावे, म्हणजे अक्षरओळख नसलेले मूलही बोटांनी दिशा दाखवू शकते. जर्मनीतील फ्रायबर्ग येथे विकसित झालेली ‘फ्रॅक्ट’ ही मोफत चाचणी ब्राउझरमध्ये चालते आणि तीत हे चिन्ह आहे. भिंतीवरील तक्त्याच्या तुलनेत मोठा फायदा असा की येथे चिन्हाची दिशा आधी ठरलेली नसते, त्यामुळे रांगेत उभ्या असलेल्या मुलांना उत्तरे पाठ होत नाहीत.

पडद्याचे माप जुळवण्याची पायरी घाईत हमखास वगळली जाते आणि मग सगळेच निकाल निरर्थक ठरतात. सॉफ्टवेअर विचारेल ती पडद्यावरील लांबी पट्टीने मोजून भरावी आणि अंतर ३ मीटर नोंदवावे. या अंतरासाठी ६/९ दृष्टीचा (म्हणजे निरोगी डोळ्याला ९ मीटरवरून दिसते ते ६ मीटरवरून दिसणे) ‘ई’ सुमारे साडेसहा मिलिमीटर उंच असतो, हे पट्टी लावून पडताळता येते. लॅपटॉप बदलल्यास माप पुन्हा जुळवावे. अंतर मुलाच्या डोळ्यांपासून मोजावे, ब्राइटनेस पूर्ण ठेवावा आणि पडद्यावर खिडकीचा उजेड चमकू देऊ नये.

चष्मा असल्यास तो लावूनच, एकेक डोळा स्वतंत्रपणे तपासावा. मुले बोटांच्या फटीतून पाहतात, म्हणून डोळा तळहाताने झाकण्यास सांगावे. मात्र बुबुळावर दाब येऊ देऊ नये. मूल डोळे बारीक करत असेल किंवा मान वाकडी करत असेल, तर ते नोंदवावे. एक डोळा चांगला असलेले मूल सहसा तक्रारच करत नाही आणि दुसरा ‘आळशी डोळा’, म्हणजे मेंदू पुरेसा वापरत नसल्याने नजर कमजोर राहिलेला डोळा, तसाच राहून जातो. या दोषावर वयाच्या सात-आठ वर्षांपर्यंत उपचार अधिक परिणामकारक ठरतात. आळशी डोळ्याला सुटे चिन्ह तुलनेने सहज ओळखता येते, म्हणून चिन्हाभोवती रेघा दाखवण्याची सोय सुरू ठेवावी.

कोणत्याही डोळ्याने ६/९ गाठले नाही किंवा दोन डोळ्यांत ठळक फरक आढळला, तर मुलाला नेत्रतज्ज्ञाकडे पाठवावे. लहान मुलांचा नेमका नंबर बहुधा डोळ्यांत थेंब घालूनच कळतो; केवळ दुकानातील यंत्राच्या आकड्यावर चष्मा करू नये, असे पालकांना आवर्जून सांगावे.

ही चाचणी दूरचे पाहण्याची आहे, पुस्तक मात्र हातभर अंतरावर असते. प्लस नंबर असलेले किंवा दोन्ही डोळे जवळ वळवताना त्रास होणारे मूल तीत सहज उत्तीर्ण होऊ शकते. त्यासाठी पेनाचे टोक हळूहळू त्याच्या नाकाकडे न्यावे. ते १० सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक अंतरावरच दोन दिसू लागले अथवा एक डोळा बाहेर सरकला, तर तेही नोंदवावे. थोड्या वाचनानंतर डोके दुखते का, अक्षरे धूसर होतात का, हेही विचारावे.

डिस्लेक्सिया, म्हणजे वाचनात अडथळा आणणारी अध्ययन अक्षमता, हा मात्र डोळ्यांचा आजार नाही. डोळे जवळ वळवण्याच्या उपचारांनी वाचनाचे आकलन दिखाऊ उपचारांपेक्षा अधिक सुधारत नाही, असे अमेरिकेतील २०१९ च्या चाचणीत आढळले. म्हणून महागड्या नेत्रव्यायामांच्या आश्वासनांवर पालकांनी विसंबू नये. चष्म्यानंतरही वाचन अडखळत राहिल्यास अध्ययन अक्षमतेची स्वतंत्र तपासणी करून घ्यावी. मुंबईत ती सायन, केईएम आणि नायर या महापालिका रुग्णालयांत होते.