बोट लागते? श्वासाच्या या चुका टाळा

दिवाळीच्या सुट्टीत अलिबागला निघालेली बडोद्याची मंडळी मुंबईपर्यंत रेल्वेने येतात किंवा थेट गाडीच काढतात, आणि भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो (गाड्याही नेणारी बोट) पकडतात. तासाभराचा तर प्रवास! पण बडोद्यातल्या सूरसागर तलावाच्या काठावर वाढलेल्यांना लाटांची सवय कुठून असणार? धक्का मागे पडला की एकेक जण गप्प होतो. मग श्वासाचे उपाय सुरू होतात, आणि त्यातले बरेचसे अंगाशी येतात.

सगळ्यात मोठी चूक करतात ते कमाटीबागेत रोज प्राणायाम करणारे. मळमळायला लागलं की कठडा धरून कपालभाती, नाहीतर भस्त्रिका! भराभर श्वासांनी रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात, डोकं हलकं होतं, ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात. आधीच गरगरतंय, त्यात ही भर. वर पोटाला झटके बसतात ते वेगळेच. शेजारून "अहो, जोरजोरात श्वास घ्या, बरं वाटेल" असं सांगणारेही नकळत तेच करायला लावतात.

दुसरी चूक कुणाच्या लक्षातही येत नाही. साधारण ५ सेकंदांना एक या गतीचं हेलकावणं माणसाला सर्वात जास्त बाधतं. शांत बसलेला माणूस मिनिटाला १२ ते १६ श्वास घेतो, म्हणजे त्याचाही एक श्वास जवळपास तेवढ्याच वेळाचा. त्यामुळे श्वास नकळत बोटीच्या तालावर चालू लागतो. माणसांना यंत्राने हलवून केलेल्या प्रयोगांत, ज्यांचा श्वास हेलकाव्याशी जुळत नव्हता त्यांना मळमळ उशिरा सुरू झाली.

तेव्हा हा ताल मोडायचा. टेकून बसा, पट्टा सैल करा, एक हात बेंबीवर ठेवा. नाकाने श्वास घेताना मनात ४ आकडे मोजा. पोटाने हात बाहेर ढकलला पाहिजे, खांदे जागचे हलता कामा नयेत. मग ६ आकडे मोजत सावकाश सोडा. मिनिटाला साधारण ६ श्वास होतात.

जमत नाहीये? खांदे वर जात असतील तर श्वास छातीतच घुटमळतोय, थोडा कमी घ्या. गुदमरल्यासारखं झालं तर ३ आणि ४ वर या. मुंग्या आल्या तर तुम्ही गरजेपेक्षा मोठे श्वास घेताय. श्वास कोंडू नका, कुंभक घरी करा. अनुलोम-विलोम वाईट नाही, पण एक हात नाकावर आणि दुसऱ्यात मोबाइल, मग कठडा कोण धरणार? (मोबाइल तसाही खिशातच बरा; नजर क्षितिजावर ठेवा.) लहान मुलं आकडे मोजत बसत नाहीत, त्यांना गरम दुधावर घालतात तशी लांब फुंकर घालायला सांगा.

हे सगळं वेळेत सुरू करायला हवं. जांभया, तोंडाला सुटणारं पाणी, कपाळावर गार घाम ही सुरुवात. घशाशी आल्यावर आकडे मोजून फारसं काही साधत नाही.

मोकळ्या हवेसाठी डिझेलचा धूर येतो तिथेच जाऊन उभे राहणारेही पुष्कळ. त्या धुरात कितीही नीट श्वास घेतला तरी मळमळ वाढणारच. धुरापासून लांब, बोटीच्या मध्याजवळ जागा धरा. तिथे ती सगळ्यात कमी हलते.

दरवेळी हमखास उलट्या होणाऱ्यांनी एकट्या श्वासावर विसंबू नये. मेक्लिझिन किंवा प्रोमेथाझिनची गोळी डॉक्टरांना विचारून, बोटीत चढण्याच्या पुरेशी आधी घ्यायची असते. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल, दिवस गेले असतील तर विचारल्याशिवाय नकोच. उलटीवरची म्हणून घरात असलेली ओंडान्सेट्रॉन बोट लागण्यावर फारशी चालत नाही. आणि प्रवासाच्या गोळीने झोप येते, त्यामुळे मांडव्याला उतरल्यावर गाडी चालवायची आहे त्याने ती घेऊ नये. त्याला खिडकीची जागा द्या आणि लवकर ४-६ मोजायला बसवा.