कंबरेतून पाणी काढण्याची चाचणी : चाल तपासताना या चुका टाळा

बडोद्याच्या दांडिया बाजार-रावपुऱ्यातल्या आपल्या घरांत आजोबा पाय घासत चालू लागले की ‘गुडघे गेले’ म्हणून विषय मिटतो. पहिली चूक तिथेच होते. नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलसमध्ये, म्हणजे मेंदूतल्या पोकळ्यांत पाणी साठण्याच्या आजारात, पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, पावलं आखूड आणि फाकलेली पडतात, वळताना जागच्या जागी कितीतरी पावलं टाकावी लागतात. लघवीवरचा ताबा जाणं आणि विसरणं बहुधा मागाहून येतं. पार्किन्सनशी गल्लत होते खरी, पण इथे चालताना हात बऱ्यापैकी हलतात आणि पार्किन्सनच्या गोळ्यांनी फारसा फरक पडत नाही.

एमआरआयमध्ये मेंदूतल्या पोकळ्या मोठ्या दिसल्या, एवढ्यावर निदान होत नाही. वयानं मेंदू आकसला तरी त्या मोठ्या दिसतात. म्हणून कंबरेत सुई घालून मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचं हे पाणी ३० ते ५० मिली काढून चाल सुधारते का ते पाहतात.

सुईची भीती सगळ्यांना वाटते, पण ही चाचणी खरं तर चालण्याची आहे. पाणी काढण्याआधीची चाल मोजलीच नसेल, तर नंतरच्या चालीची तुलना कशाशी करणार? आधीचा व्हिडिओ कमाटीबागेतल्या वाटेवरचा आणि नंतरचा दवाखान्याच्या गुळगुळीत फरशीवरचा असेल, तर तोही उपयोगाचा नाही. जागा, चपला, काठी सगळं तेच ठेवा. खुर्चीतून उठून ३ मीटर चालणं, वळणं, परत येऊन बसणं याला लागलेली सेकंदं लिहा. १० मीटरमधली पावलं मोजा. एकदा हात धरला आणि एकदा नाही, असं करू नका. ‘बाबा, जरा भरभर चला’ हेही नको. आपल्या माणसाला बरं वाटावं ही ओढ डोळ्यांना फसवते, म्हणून कुठला व्हिडिओ आधीचा ते न सांगता दोन्ही एखाद्या नातेवाइकाला दाखवा.

तासाभरात फरक नाही म्हणून घरी निघू नका. काहींची चाल काही तासांनी, काहींची दुसऱ्या दिवशी सुधारते. बसल्यावर डोकं दुखत असेल तर चाल बिघडलेलीच दिसेल, डॉक्टरांना सांगा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या आधीच कळवा, स्वतः बंद करू नका.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे फरक दिसला नाही की शंटचा, म्हणजे साठलेलं पाणी कायम वाहून नेणारी नळी शरीरात बसवण्याचा, विचार सोडून देणं. चाल स्पष्ट सुधारली तर शंटचा फायदा होण्याची शक्यता चांगली असते. सुधारली नाही म्हणून तो होणारच नाही, असं ठरत नाही. अशा वेळी कंबरेत बारीक नळी ठेवून साधारण ३ दिवस हळूहळू पाणी काढण्याबद्दल न्यूरोसर्जनना विचारा. ती नळी असताना नर्सला न सांगता पलंग वर-खाली करू नका, रुग्णाला उठवू नका. एकदम जास्त पाणी वाहून जाऊ शकतं.

सुधारलेली चाल थोड्या दिवसांत पुन्हा बिघडली तर घाबरू नका. शरीर दिवसाला सुमारे ५०० मिली पाणी नव्यानं तयार करतं, त्यामुळे हे व्हायचंच. मात्र पाय हलके झालेत म्हणून रात्री बाथरूमला त्यांना एकटं जाऊ देऊ नका.