लेकीचा पंप बदलताना: आधी तारीख ठरवा

लेक सहा वर्षांची असताना तिला पहिला इन्सुलिन पंप लागला, मिनिमेड ६४०जी. चार वर्षांनी वॉरंटी संपत आली तेव्हा त्याच कंपनीचा नवा पंप, ७८०जी, घ्यायचं ठरलं. तुमच्याही घरी टाइप वन डायबेटिसचं मूल असेल आणि पंप बदलायचा विचार चालू असेल, तर आम्हाला उशिरा कळलेल्या काही गोष्टी सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे तारीख. आम्ही दिवाळीची सुट्टी धरली होती. आमच्या डायबेटिस एज्युकेटर मॅडमनी विचारलं, "ताई, फराळाचे कार्ब्स मोजणार की पंप शिकणार?" त्यांचं म्हणणं पटलं. शेवटी वार्षिक परीक्षा संपल्यानंतरचा सोमवार पक्का केला. सोमवारच का? नवा पंप साधारण पहिले ४८ तास मॅन्युअल मोडवर, म्हणजे आपण भरलेल्या आकड्यांवर, चालतो. मगच ऑटो मोड, म्हणजे शुगर बघून पंपानेच इन्सुलिन ठरवणं, सुरू करता येतं. म्हणजे खरी गडबड बुधवार-गुरुवारी होते आणि तेव्हा डॉक्टर फोनवर सापडतात. शुक्रवारी सुरू केलं असतं तर ती रविवारीच सुरू झाली असती.

पैशाचा हिशेब करताना पंपाच्या किमतीवर अडकू नका. सेन्सर (सतत शुगर मोजणारा), इन्फ्यूजन सेट (इन्सुलिन अंगात नेणारी नळी) आणि रिझर्व्हायर (पंपातली इन्सुलिनची टाकी) यांचा महिन्याचा खर्च काढा आणि त्याला ४८ ने, म्हणजे चार वर्षांच्या महिन्यांनी, गुणा. तो आकडा पेलतो का, ते घरात बसून मोकळेपणाने बोला. ७८०जी सेन्सरशिवायही चालतो, पण ऑटो मोड मिळत नाही. मग एवढा खर्च कशासाठी? आमच्या कपाटात उरलेले सेट आणि रिझर्व्हायर नव्या पंपालाही चालले. जुने सेन्सर आणि त्यांचे आकडे पंपाला पाठवणारा ट्रान्समीटर मात्र चालले नाहीत. त्यामुळे शेवटच्या दोन महिन्यांत सेन्सरचा साठा करू नका. तुमचा फोन पंपाच्या ॲपला चालतो का, हेही आधीच तपासा.

जुन्या पंपाच्या प्रत्येक सेटिंगचा फोटो काढून वहीत उतरवा: तासातासाचा बेसल (सतत थेंबथेंब जाणारं इन्सुलिन), कार्ब रेशो (एका युनिटला किती ग्रॅम कार्ब्स), सेन्सिटिव्हिटी (एका युनिटने शुगर किती उतरते), ॲक्टिव्ह इन्सुलिनची वेळ (दिलेला डोस किती तास काम करतो असं पंप धरतो). पण ते आकडे जसेच्या तसे नव्या पंपात घालायचे नसतात. ६४०जी लो (शुगर फार खाली) येण्याआधी इन्सुलिन थांबवायचा, तेवढंच. ७८०जी दर ५ मिनिटांनी सेन्सर बघून इन्सुलिन कमी-जास्त करतो आणि करेक्शनही, म्हणजे चढलेली शुगर उतरवायचा जादा डोस, आपणहून देतो. आमची ॲक्टिव्ह इन्सुलिनची वेळ डॉक्टरांनी ३ तासांवरून २ वर आणली, शुगरचं टार्गेट १०० ठेवलं. तुमचे आकडे तुमचे डॉक्टरच ठरवतील.

सवयी बदलणं सगळ्यात अवघड गेलं. जेवणाचा बोलस, म्हणजे जेवणापुरता इन्सुलिनचा डोस, १०-१५ मिनिटं आधीच द्यायला हवा. वरणभात खाऊन झाल्यावर आठवण आली, तोवर पंपाने चढती शुगर बघून करेक्शन दिलेलं असतं. वर पूर्ण बोलस दिला की हमखास लो. आणि लो आला की पूर्वीसारखी १५ ग्रॅम साखर देऊ नका. पंपाने इन्सुलिन आधीच थांबवलेलं असतं, त्यामुळे आमच्या लेकीला बहुतेक वेळा ५ ते १० ग्रॅम पुरते. आजीला हे पटवायला आठवडा लागला.

चौथ्या रात्री मी चुकले. शुगर चढत होती आणि मी म्हणत राहिले, पंप बघून घेईल. दोन वाजता ३४० होती, कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की रक्तात वाढणारी आम्लं) १.४. कॅन्युला (त्वचेखालची बारीक नळी) वाकली होती. पंपात फक्त जलद इन्सुलिन असतं, त्यामुळे नळी बंद पडली की काही तासांत अंगातलं सगळं इन्सुलिन संपतं. पेनने इंजेक्शन दिलं, नवा सेट लावला, पहाटे शुगर उतरली. सकाळी फ्रिज उघडून बघितलं तर लाँग-ॲक्टिंगचं (तासन्तास पुरणाऱ्या इन्सुलिनचं) पेन तारीख उलटून गेलेलं. पंपच बंद पडला असता तर? आता दर महिन्याच्या १ तारखेला दोन्ही पेनं तपासते. दोन तासांत न उतरणारी हाय शुगर दिसली की आधी कीटोन बघते. वाढलेले असतील तर लगेच पेन आणि नवा सेट, आणि डॉक्टरांना फोन.

शाळा उघडायच्या आधी वर्गशिक्षिकांना नवा पंप दाखवून आलो. कोणता अलार्म आला की खाऊ द्यायचा आणि कोणता आला की मला फोन करायचा, एवढंच एका कागदावर लिहून दिलं.

जुना पंप लगेच कुणाला देऊन टाकू नका. आमचा एका डब्यात आहे, सोबत दोन सेट आणि एक नवी पेन्सिल सेल. डॉक्टर मॅन्युअल मोडचा बेसल बदलतात तेव्हा लेक स्वतःच तो बाहेर काढते आणि नवे आकडे त्यातही भरून ठेवते.