पेटी बंदरावर नेण्याआधी: सीडची तयारी

जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद, त्यामुळे मिरकरवाडा बंदर असो की हर्णै, तिथल्या बर्फ कारखान्यांत तापमान मोजणाऱ्या पेट्या बसवायला हाच मोकळा काळ. नेमकी वीजही याच दिवसांत सारखी जाते. पेटीत लिनक्सवर चालणारा छोटा बोर्ड असतो आणि सर्व्हरशी बोलायची त्याची खासगी की (गुप्त संख्या) पहिल्याच बूटला तयार होते. ती यादृच्छिक, म्हणजे अंदाज न येणाऱ्या आकड्यांतून बनते, आणि ते आकडे ज्या सुरुवातीच्या संख्येपासून निघतात ती म्हणजे सीड. तेव्हा त्याच्याकडे यादृच्छिक असं जवळपास काहीच साठलेलं नसतं. म्हणून सगळी काळजी त्या पहिल्या मिनिटाची घ्यायची.

आधी मास्टर कार्ड, म्हणजे ज्याच्या प्रती पेट्यांत जातात ते मेमरी कार्ड, तपासा. ते एकदा जरी बूट झालं असेल, तर त्यात सीडची फाइल, एसएसएचच्या (दुरून लॉगिनच्या) होस्ट की आणि मशीन-आयडी तयार झालेले असतात. तिन्ही काढून मगच प्रती करा, नाहीतर सगळ्या पेट्या एकाच विरजणाचं दही. २०१२ साली संशोधकांनी इंटरनेटवरच्या आरएसए की (दोन मोठ्या मूळ संख्यांच्या गुणाकारावर उभ्या असलेल्या) गोळा केल्या, तेव्हा बऱ्याच राउटर आणि फायरवॉलच्या कींमध्ये एक मूळ अवयव सामाईक निघाला. अशा दोन कींचा शाळेतला मसावि काढला की दोन्ही फुटतात.

मग कोडमध्ये घड्याळावरून सीड घेणारी ओळ शोधा आणि उडवा. स्वस्त बोर्डांत घड्याळाला बॅटरी नसते. फीडरवर वीज परत आली की बंदरातल्या सगळ्या पेट्या एकदम जाग्या होतात आणि नेटवरून वेळ मिळेपर्यंत त्यांची घड्याळं जवळपास सारखीच. प्रोसेस क्रमांक जोडूनही भागत नाही: नेटस्केप ब्राउझरचं सीड वेळ आणि प्रोसेस क्रमांकांवरून बनायचं, ते १९९५ मध्ये फुटलं. डेबियन लिनक्सच्या ओपनएसएसएल या कूटलेखन लायब्ररीत एका दुरुस्तीनंतर सीडमध्ये प्रोसेस क्रमांकाखेरीज काही उरलंच नव्हतं. म्हणजे जास्तीत जास्त ३२,७६८ शक्यता. हे उघड झालं २००८ मध्ये, तोवर दीडेक वर्ष तशाच की बनत होत्या.

यादृच्छिक बाइट लिनक्सच्या गाभ्याकडूनच, म्हणजे कर्नलकडूनच, गेटरँडम या कॉलने घ्या. कर्नलचा पूल, म्हणजे यादृच्छिकतेचा साठा, तयार होईपर्यंत तो प्रोग्रामला थांबवतो. ‘बूटला सर्व्हिस अडकते’ म्हणून कुणी नॉन-ब्लॉकिंग (न थांबण्याचा) फ्लॅग लावला असेल, तर काढा. अडकू दे. बर्फ कुठे पळून जात नाही. बोर्डावर यादृच्छिक आकड्यांचा हार्डवेअर जनरेटर असेल तर त्याचा ड्रायव्हर चालू आहे ना ते बघा. लिनक्सच्या बोर्डाऐवजी ईएसपी३२ ही छोटी चिप वापरत असाल तर वायफाय किंवा ब्लूटूथ चालू नसताना त्याच्या जनरेटरवर विसंबू नका. पायथॉनमध्ये कीसाठी ‘रँडम’ नव्हे, ‘सीक्रेट्स’. पहिल्याचे ३२ बिटांचे सलग ६२४ आकडे हाती लागले की पुढचे सगळे सांगता येतात.

आता एक गोष्ट जी हमखास सुटते. वीज जाऊन कार्ड खराब होऊ नये म्हणून आपण ते रीड-ओन्ली करतो. चांगलीच सवय, पण मग सीडची फाइल कधीच बदलत नाही आणि प्रत्येक बूटला तीच वापरली जाते. तेवढ्यासाठी लिहिता येणारं छोटं पार्टिशन ठेवा. नवी सीड बूट होताच लिहा, बंद होताना नाही. आपल्याकडे पेटी रीतसर बंद होतेच कुठे?

ब्राइनचं (बर्फ गोठवणाऱ्या खाऱ्या पाण्याचं) तापमान पूलमध्ये मिसळायला हरकत नाही, मात्र ते एंट्रॉपी, म्हणजे खरी अनिश्चितता, म्हणून मोजू नका.

यादृच्छिकतेच्या सांख्यिकी चाचण्यांवर वेळ घालवू नका, सीड ‘१’ ठेवली तरी चांगला जनरेटर त्या पास होतो. त्याऐवजी एकच बोर्ड नेटशिवाय, कार्ड पुन्हा पुन्हा नव्याने लिहून बूट करा आणि कींचे फिंगरप्रिंट (प्रत्येक कीची छोटी ओळखखूण) ताडून पाहा. सारखे आले तर पेटी कार्यशाळेतच ठेवा. वेगळे आले तरी सीड कुठून येते ते कोडमध्ये वाचाच. सर्व्हरवर एकच की दोन पेट्यांकडून आली तर दोन्ही नाकारा. पावसात बोर्ड गेला तर जुनं कार्ड नव्या बोर्डात न घालता नवं लिहा आणि जुनी की सर्व्हरवर रद्द करा.