हरलेल्या हंगामाची नोंद कशी वाचावी

१९०० ते १९१५ या काळातल्या एखाद्या छोट्या अमेरिकन कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलच्या (हातात चेंडू घेऊन खेळायच्या) नोंदी चाळताना एखादं वर्ष असं येतं की सगळीकडे पराभवच दिसतो. लोक 'संघ कच्चा होता' म्हणतात आणि पान उलटतात. मला हे बिलकूल पटत नाही. आधी वर्ष बघा, मग गुण.

टचडाउनला (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे नेण्याला) १९११ पर्यंत ५ गुण होते, १९१२ पासून ६ झाले. त्यानंतरच्या किकचा १ गुण. फील्ड गोल (चालू खेळात चेंडू किक मारून गोलखांबांमधून घालवणं) १९०३ पर्यंत ५ गुणांचा होता, १९०४ ते १९०८ मध्ये ४ चा आणि १९०९ पासून ३ चा. आता समजा १९०८ ची एक नोंद आहे, हार ११-४. कागदावर मांडा: ११ म्हणजे बहुधा दोन टचडाउन आणि त्यांतली एकच किक साधलेली, ४ म्हणजे बहुधा एक फील्ड गोल. हरणाऱ्या संघाकडे चांगला किकर होता, हे तुम्हाला एवढ्यावरूनच कळतं.

यानंतर खेळाडूंची यादी घ्या. माझ्या मते खरी माहिती इथेच दडलेली असते. १९१० च्या आधी एकदा बाहेर गेलेला खेळाडू त्या सामन्यात परत येऊ शकत नसे, म्हणून दुखापत झाली तरी पोरं मैदान सोडत नसत. हंगामातल्या सगळ्या याद्या शेजारी शेजारी ठेवा. ऑक्टोबरात टॅकल (पुढच्या फळीतला खेळाडू) असलेला मुलगा नोव्हेंबरात हाफबॅक (मागून चेंडू घेऊन धावणारा) दिसला, तर मूळ हाफबॅकचं काय झालं ते शोधा. बेंचवर दोन-तीनच नावं असतील, तर उत्तरार्धात गुण का गेले हे वेगळं सांगायला नको.

प्रतिस्पर्धी कोण होता हेही तपासा. छोटी कॉलेजं ठरलेल्या रकमेसाठी मोठ्या विद्यापीठांच्या मैदानावर जाऊन खेळत. १९१६ मध्ये कंबरलँड कॉलेज जॉर्जिया टेककडून २२२-० हरलं. कंबरलँडने तोवर फुटबॉल बंदच केलं होतं, पण सामना न खेळल्यास ३,००० डॉलर भरावे लागणार होते, म्हणून विद्यार्थ्यांचा संघ कसाबसा उभा केला गेला. हा आकडा त्या पोरांच्या नावावर मारणं अन्यायाचं आहे.

१९०५ आणि १९०६ चे सामने एका मापाने मोजू नका. १९०५ च्या हंगामातल्या मृत्यूंमुळे नियम बदलले: पुढे पास टाकायला मुभा मिळाली आणि चेंडू स्वतःकडे राखायला तीन प्रयत्नांत ५ ऐवजी १० यार्ड काढावे लागू लागले. कोलंबिया विद्यापीठाने तर फुटबॉलच थांबवलं.

नोंदी शोधायला लायब्ररी ऑफ काँग्रेसचा 'क्रॉनिकलिंग अमेरिका' हा वर्तमानपत्रांचा संग्रह मोफत आहे. शोधताना 'फुट बॉल' असे दोन सुटे शब्दही टाका, जुन्या छपाईत ते तसेच असत. घरच्या गावचं वर्तमानपत्र पराभव दोन ओळींत उरकतं. त्यामुळे जिंकलेल्या गावचं वर्तमानपत्र जरूर काढा, तिथे चाल न् चाल लिहिलेली सापडते. दोन्हींत गुण वेगळे आले तर स्वतःहून एक निवडू नका. दोन्ही आकडे, वर्तमानपत्राचं नाव आणि तारीख लिहून ठेवा, आणि कॉलेजचा वार्षिक अंक हाती आल्यावर ताडून बघा.