घरून गेम होस्ट करताय? आधी मशीनचा पत्ता बांधून घ्या

मागच्या वेळी माझ्या मशीनवरच्या गेमला जोडायला आठ जण हेडफोन लावून ताटकळले होते आणि मी दोन तास फायरवॉलशी (बाहेरून येणारी जोडणी अडवणाऱ्या रखवालदाराशी) झटत होतो. आदल्या रात्री सगळं तपासलं होतं, चालतही होतं. मग सामन्याच्या दिवशी मला शहाणपण सुचलं: राउटर एकदा बंद-चालू करून घेऊ. तो उठला आणि त्यानं माझ्या मशीनला १९२.१६८.१.५ ऐवजी १९२.१६८.१.८ हा आयपी, म्हणजे घरातल्या नेटवर्कवरचा पत्ता दिला. पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेल्यांना घरातल्या ठरावीक मशीनकडे पाठवणारा राउटरचा नियम) मात्र इमानेइतबारे जुन्याच पत्त्यावर पाहुणे पाठवत राहिलं. तिथे टीव्ही बसला होता.

म्हणून मशीनचा पत्ता राखून ठेवा. पण त्याआधी एक गोष्ट बघा, नाहीतर पुढची सगळी मेहनत पाण्यात. राउटरच्या स्टेटस पानावरचा वॅन आयपी (राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता) आणि 'माझा आयपी काय' सांगणाऱ्या साइटवरचा आयपी एकच आहे का? वॅन आयपी १००.६४ ते १००.१२७ यातल्या आकड्यांनी सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात, म्हणजे इंटरनेट देणाऱ्याच्या सामायिक पत्त्यामागे. एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटलेला असतो आणि तुमचं फॉरवर्डिंग तिथपर्यंत पोचतच नाही. इंटरनेट देणाऱ्याकडे सार्वजनिक आयपी मागा, नाहीतर टेलस्केल किंवा झीरोटियर वापरा, हे प्रोग्राम मित्रांची मशीन एका खाजगी नेटवर्कात जोडतात. वॅन आयपी १९२.१६८ ने सुरू होत असेल तर बहुधा घरातच एकामागे एक दोन राउटर आहेत. पहिल्याला ब्रिज मोडवर टाका, म्हणजे तो नुसता पुढे पाठवेल आणि पत्ते दुसराच वाटेल.

आता पत्ता. राउटरच्या लॅन सेटिंगमध्ये डीएचसीपी रिझर्व्हेशन (एका मशीनला नेहमी तोच आयपी देण्याची सोय) असतं, तिथे मशीनचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक) आणि हवा तो आयपी जोडा. केबलचा मॅक वेगळा, वायफायचा वेगळा. वायफायचा नोंदवून नंतर केबल लावलीत तर रिझर्व्हेशन गेलं उडत. वायफायवरच राहणार असाल तर 'रँडम मॅक' (मॅक आपोआप बदलणारी सेटिंग) बंद करा. (केबलच लावा, यावर वाद नको.) नोंद झाली की राउटर मुद्दाम बंद-चालू करा आणि आयपीकॉन्फिगमध्ये (विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ipconfig लिहून) तोच पत्ता दिसतोय का बघा. मग पुन्हा एकदा करा. हसू नका, कराच.

फॉरवर्डिंग त्या राखलेल्या पत्त्यावरच. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीला पोर्ट २५५६५ टीसीपी, बेडरॉक आवृत्तीला १९१३२ यूडीपी (टीसीपी आणि यूडीपी या डेटा पाठवायच्या दोन पद्धती). टीसीपीच्या जागी यूडीपी निवडलंत तर कुठलीही एरर येत नाही, नुसती शांतता. फायरवॉलमध्ये फक्त सर्व्हरच्या प्रोग्रामला परवानगी द्या. अख्खी फायरवॉल बंद करणारे मित्र असतात, त्यांचं ऐकू नका. विंडोजनं नेटवर्कला 'पब्लिक' ठरवलंय का तेही बघा, प्रायव्हेटपुरता केलेला नियम तिथे लागू होत नाही.

होस्टला डाउनलोडपेक्षा अपलोड महत्त्वाचं. घरात कुणाचं फोटो बॅकअप चालू झालं की अपलोडच्या रांगेत गेमची पाकिटं अडकतात आणि सगळ्यांचा पिंग (डेटा जाऊन परत यायला लागणारा वेळ) उडतो. राउटरमध्ये एसक्यूएम (ही रांग आवरणारी सेटिंग) असेल तर मोजलेल्या वेगाच्या साधारण ९० टक्क्यांवर मर्यादा घाला. नसेल तर बॅकअप थांबवा आणि घरच्यांना विनंती करा.

तपासणी बाहेरून करा, सर्व्हर चालू ठेवून. घरातूनच स्वतःच्या सार्वजनिक आयपीवर जायला बरेच राउटर देत नाहीत, मग उगाच वाटतं की बिघडलंय. मोबाइल डेटावर हॉटस्पॉट करून दुसऱ्या लॅपटॉपवरून जोडून बघा.

बाकी किरकोळ: स्लीप बंद, अपडेट पुढे ढकला, गेममधल्या जगाची फाइल कॉपी करून ठेवा, खेळ संपल्यावर पोर्टचा नियम काढा. सार्वजनिक आयपीही बदलू शकतो, त्यामुळे मित्रांना ताजा पाठवा.

आणि सामन्याच्या दिवशी राउटरला हात लावू नका. लागलाच, तर आधी आयपीकॉन्फिग.