कोकणातून घाटावर बेसबॉल खेळायला जाताना: उंची, कोरडी हवा आणि फटका

रत्नागिरी, चिपळूण, दापोली किंवा सावंतवाडीचा संघ स्पर्धेसाठी पुण्या-कोल्हापूरकडे निघाला की खेळाडूंच्या कानावर एक वाक्य हमखास पडते: वर हवा विरळ असते, चेंडू लांब जातो. हे बरोबर आहे, परंतु एवढ्या माहितीवर हिटरने (फलंदाजाने) आपला फटका बदलू नये. घाट चढल्यावर दोन वेगळ्या गोष्टी बदलतात. उंचीमुळे हवा विरळ होते आणि त्याचा परिणाम चेंडूच्या उड्डाणावर होतो; हवा कोरडी होते आणि त्याचा परिणाम खुद्द चेंडूवर होतो. आपल्या पट्ट्यातून पुण्याला जाणाऱ्या संघाच्या बाबतीत या दोहोंपैकी कोरडेपणाचा वाटा मोठा असतो, असे माझे ठाम मत आहे. त्याची तयारी मात्र क्वचितच होते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

प्रथम उंचीचा हिशेब पाहू. ताशी १६० किलोमीटर वेगाने बॅटवरून सुटलेल्या बेसबॉलवर हवेचा जो अडथळा येतो, तो चेंडूच्या स्वतःच्या वजनाएवढा किंवा त्याहून थोडा अधिकच असतो. हवाच नसती तर ३० अंशांच्या कोनात असा मारलेला चेंडू पावणेदोनशे मीटरच्या पुढे पडला असता. प्रत्यक्षात तो समुद्रसपाटीवर १२० मीटरच्या, म्हणजे ४०० फुटांच्या आसपास पडतो. हा अडथळा हवेच्या घनतेच्या प्रमाणात असल्यामुळे घनता कमी झाली की चेंडू पुढे जातो. अशा ४०० फुटी फटक्याला दर हजार फूट उंचीमागे साधारण सहा फूट जास्त मिळतात, असा ढोबळ हिशेब धरता येतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर, म्हणजे अठराशे फुटांवर आहे. तेथील हवा त्याच तापमानाच्या कोकणी हवेपेक्षा पाच-सहा टक्के विरळ भरते आणि फायदा होतो दहा-अकरा फुटांचा. महाबळेश्वर-पाचगणीच्या उंचीवर तो पंचवीस फुटांच्या घरात जाईल.

दहा-अकरा फूट म्हणजे कुंपणाजवळ झेलला जाणारा चेंडू कुंपणापलीकडे जाण्याइतका फरक. पण तो फक्त आधीच जोरात आणि योग्य कोनात मारलेल्या चेंडूला मिळतो. जमिनीलगत गेलेल्या फटक्याला उंचीचा काहीच उपयोग नाही. त्यामुळे ‘वर गेल्यावर उंचच मारायचे’ असे ठरवून स्विंग वाकडा करणारा हिटर हातचे सिंगल-डबल (एक-दोन बेस मिळवून देणारे फटके) घालवून बसतो. जगातील प्रसिद्ध उदाहरणातही हेच दिसते. अमेरिकेतील डेन्व्हर येथील कूअर्स फील्ड हे मैदान समुद्रसपाटीपासून सुमारे ५,२०० फुटांवर आहे. प्रेक्षागारातील वरच्या मजल्यावरची विसावी रांग नेमकी ५,२८० फुटांवर, म्हणजे एक मैल उंचीवर येते म्हणून तेथील खुर्च्या जांभळ्या रंगाच्या ठेवल्या आहेत. विरळ हवा लक्षात घेऊन १९९५ साली हे मैदान मुद्दाम मोठे बांधण्यात आले. तरीही १९९९ च्या एका हंगामात तेथे ३०३ होम रन (कुंपणापार गेलेले फटके) निघाले. शिवाय मैदान एवढे मोठे झाल्यामुळे आऊटफिल्डरना (मैदानाच्या बाहेरच्या भागातल्या क्षेत्ररक्षकांना) खोलवर उभे राहावे लागले, त्यांच्यापुढे आणि त्यांच्यामधल्या मोकळ्या पट्ट्यांत चेंडू पडू लागले आणि साध्या हिट्सही वाढल्या. घाटावर जाणाऱ्या हिटरने घ्यायचा धडा या दुसऱ्या गोष्टीत आहे: आऊटफिल्डर मागे सरकले असतील, तर त्यांच्या पुढ्यात आणि दोघांच्या मधोमध सरळसोट फटका मारावा.

आता दमटपणाकडे वळू, कारण येथे आपल्याकडे एक गैरसमज पक्का बसला आहे. कोकणची हवा दमट, म्हणून जड, म्हणून चेंडू अडतो, असे सर्रास सांगितले जाते. पाण्याच्या वाफेचा रेणू हवेतील नायट्रोजन आणि ऑक्सिजनच्या रेणूंपेक्षा हलका असतो. त्यामुळे तापमान आणि दाब तेच असताना दमट हवा कोरड्या हवेपेक्षा किंचित हलकी असते. ३० अंश सेल्सिअसला पूर्ण कोरडी आणि पूर्ण दमट हवा यांच्या घनतेतला फरक दीड टक्क्याच्या आसपास राहतो. एका लांब फटक्यात त्याने दोन-तीन फुटांहून जास्त फरक पडत नाही, आणि पडतो तो दमट हवेच्या बाजूने. घामाने अंग चिकचिकते आणि आपल्याला हवा जड वाटते, चेंडूला नाही.

मग मालवणात किंवा अलिबागेत चेंडू ‘बसका’ का लागतो? कारण जड आणि मऊ झालेला असतो तो चेंडू. बेसबॉलच्या आत कॉर्क आणि रबराचा गाभा, त्यावर घट्ट गुंडाळलेला लोकरीचा धागा आणि वर चामडे असते. लोकर आणि चामडे दोन्ही हवेतला ओलावा शोषतात. ओलावा मुरलेला चेंडू वजनाने वाढतो आणि बॅटवरून उसळताना जास्त ऊर्जा गमावतो. कोरडा चेंडू याउलट हलका, टणक आणि जास्त उसळणारा असतो. डेन्व्हरच्या संघाला हे उशिरा उमगले. तेथील एका तंत्रज्ञाला आपले चामडी बूट कोरड्या हवेत आक्रसलेले दिसले आणि चेंडूंचेही तेच होत असणार, असा विचार त्याच्या मनात आला. २००२ पासून तेथे चेंडू नियंत्रित आर्द्रतेच्या खोलीत ठेवू लागले आणि त्या मैदानावरील होम रन साधारण चतुर्थांशाने घटले. उंची तीच, हवा तीच, केवळ चेंडूतला ओलावा बदलला. अॅरिझोनाच्या संघाने २०१८ मध्ये तेच केले आणि २०२२ पासून मेजर लीगच्या (अमेरिकेतील सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉल स्पर्धेच्या) तीसही मैदानांवर अशी सोय सक्तीची झाली.

चेंडू ज्या हवेत साठवले, तिची आर्द्रता ३० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर गेली, तर लांब फटका चौदा फुटांच्या आसपास आखूड होतो, असे या विषयावरील अभ्यासातून दिसून आले आहे. पुण्यात फेब्रुवारी ते एप्रिलच्या दुपारी आर्द्रता ३० टक्क्यांच्याही खाली उतरते. किनाऱ्यावर त्याच दिवसांत ती ६० ते ८० टक्के असते. म्हणजे पुण्याच्या उंचीमुळे जेवढा फायदा होतो, त्याहून जास्त फरक केवळ चेंडू कोठे साठवले होते यावरून पडू शकतो. म्हणूनच वर गेल्यावर पहिला प्रश्न विचारायचा तो चेंडू कोणाचे, हा. ओलावा चेंडूच्या आतपर्यंत शिरायला किंवा बाहेर पडायला कित्येक दिवस, कधी दोन आठवडेही लागतात. त्यामुळे तुम्ही सकाळी रत्नागिरीहून नेलेला चेंडू दुपारी कोल्हापुरातही कोकणातलाच चेंडू असतो. यजमानांनी महिनाभर कपाटात ठेवलेला चेंडू मात्र टणक असतो. सराव पहिल्याने आणि सामना दुसऱ्याने, अशी स्थिती असेल तर सरावातले अंदाज सामन्यात फसतात.

दोन डब्यांची तयारी

स्पर्धेच्या निदान दोन-तीन आठवडे आधी प्रत्येक संघाने हा प्रयोग करावा. खर्च फार नाही आणि मुलांना भाषणापेक्षा हातातल्या चेंडूवरून लवकर समजते. घट्ट झाकणाचे दोन मोठे डबे घ्यावेत. पहिल्यात एका वाटीत साधे मीठ घेऊन त्यात ते भिजून लापशीसारखे होईल एवढेच पाणी घालावे. सगळे मीठ विरघळू देऊ नये. अशा मिठावरची बंद हवा सुमारे ७५ टक्के आर्द्रतेवर स्थिर राहते. (पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या मिठाला पाणी सुटते तेही याच कारणाने: हवा ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ ओलावा ओढू लागते. ज्यांच्याकडे आर्द्रतामापक नाही, त्यांनी मिठाच्या बरणीवर नजर ठेवली तरी चालते.) दुसऱ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि शक्य असल्यास एक स्वस्त डिजिटल आर्द्रतामापक ठेवून काटा ३० टक्क्यांच्या जवळ राहील इतपतच पुड्या वापराव्यात. चेंडू मिठाला किंवा पुड्यांना लागू नयेत म्हणून खाली जाळी ठेवावी. दोन्ही डबे सावलीत, एकाच खोलीत असावेत, म्हणजे तापमानाचा फरक मध्ये येत नाही.

चेंडू एकाच कंपनीचे आणि शक्यतो नवे असावेत. डब्यात ठेवण्यापूर्वी प्रत्येकाचे वजन काट्यावर करून चेंडूवर पेनाने क्रमांक घालावा. नियमाप्रमाणे बेसबॉलचे वजन १४२ ते १४९ ग्रॅम असते, त्यामुळे ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा पुरतो. दोन आठवड्यांनी पुन्हा वजन घ्यावे. मग दोन्ही डब्यांतला एकेक चेंडू सिमेंटच्या पक्क्या जमिनीवर एकाच उंचीवरून, म्हणजे पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून वगैरे, सोडावा. मागे भिंतीवर खडूने फुटांच्या रेघा माराव्यात आणि मोबाईलवर स्लो मोशनमध्ये चित्रण करून उसळी वाचावी. प्रत्येक चेंडू अनेकदा सोडून सरासरी घेतल्याशिवाय निष्कर्ष काढू नये, कारण शिवण जमिनीवर कशी आपटते यावरही उसळी बदलते. ज्या स्वस्त चेंडूंत लोकरीऐवजी कृत्रिम धागा असतो, त्यांत फरक कमी दिसेल. तसे झाले तर आपल्या चेंडूंची प्रतही या निमित्ताने कळेल. त्यानंतर शेवटच्या आठवड्यात कोरड्या डब्यातल्या चेंडूंवर टी बॅटिंग (स्टँडवर ठेवलेला चेंडू मारणे) आणि सॉफ्ट टॉस (जवळून अलगद फेकलेला चेंडू मारणे) करावा. बॅटला लागताना येणारा कडक आवाज, हातात कमी जाणवणारा भार आणि इनफिल्डमधून (बेसजवळच्या आतल्या भागातून) लवकर निसटणारे ग्राउंडर (जमिनीलगत जाणारे फटके) यांची सवय येथेच करून घ्यावी. फील्डिंगचा सरावही त्याच चेंडूंवर घ्यावा, कारण टणक चेंडू फक्त आपल्याच हिटरच्या उपयोगाचा नसतो.

बॉक्समध्ये उभे राहिल्यावर

विरळ हवेचा दुसरा परिणाम पिचवर, म्हणजे पिचरने टाकलेल्या चेंडूवर होतो. कर्व्हबॉल (वळणारा चेंडू) खाली वळतो आणि फास्टबॉल (वेगवान, सरळ चेंडू) अपेक्षेपेक्षा कमी पडतो, ते चेंडूच्या फिरकीने हवा ढकलली जाते म्हणून. हवा विरळ झाली की हे ढकलणेही त्याच प्रमाणात दुबळे होते. समुद्रसपाटीवर दीड फूट वळणारा कर्व्हबॉल डेन्व्हरमध्ये सव्वा फुटाच्या आत वळतो. पुण्यात तो साधारण एका इंचाने कमी वळेल. एक इंच किरकोळ वाटतो. पण बॅटचा सर्वांत जाड भाग जेमतेम २.६ इंच असतो, आणि चेंडू बॅटच्या मध्यापासून इंचभर वर-खाली लागला की सरळ फटक्याऐवजी ग्राउंडर किंवा सोपा झेल होतो.

हा बदल दोन्ही पिचना उलट दिशांनी होतो, हे नीट ध्यानात घ्यावे. कर्व्हबॉल कोकणातल्यापेक्षा थोडा वर राहतो. फास्टबॉलला मिळणारी उचल कमी झाल्याने तो थोडा खाली येतो. तेव्हा किनाऱ्यावर तयार झालेला हिटर नेहमीच्या नजरेने खेळला तर फास्टबॉलच्या डोक्यावर बॅट लागून चेंडू जमिनीत जाईल आणि कर्व्हबॉलच्या खालून बॅट गेल्याने तो उंच उडेल. पहिल्या सराव सत्रात म्हणूनच बॅट फिरवू नये. बॉक्समध्ये, म्हणजे हिटरच्या चौकटीत, उभे राहून आपल्याच पिचरचे फास्टबॉल आणि कर्व्हबॉल नुसते पाहावेत, प्रत्येक चेंडू कोणत्या उंचीवरून गेला ते मोठ्याने सांगावे आणि कॅचरने ग्लोव्ह जेथे पकडला तेथून ते बरोबर की चूक हे कळवावे. डोळ्यांचा अंदाज जुळू लागला की मगच स्विंग सुरू करावा. कर्व्हबॉल वळण्याआधी गाठावा म्हणून जे हिटर बॉक्समध्ये पुढे उभे राहतात, त्यांनी घाटावर थोडे मागे सरकण्यास हरकत नाही. वळण कमी असल्याने त्यांना पाहायला जास्त वेळ मिळतो आणि नुकसान होत नाही.

कोरड्या हवेत पिचरलाही अडचण येते. चामडे गुळगुळीत झाल्याने चेंडू हातातून निसटतो आणि वळणारी पिच होम प्लेटच्या (हिटर जिच्याजवळ उभा राहतो त्या पाटीच्या) मधोमध लोंबकळत राहते. अशी पिच सोडू नये.

उंची आणि ओलावा यांचा एवढा हिशेब मांडला तरी किनाऱ्यावरच्या सामन्यात वारा या सगळ्यावर मात करतो. ताशी आठ किलोमीटरचा पाठवारा लांब फटक्यात पंधरा ते वीस फुटांची भर घालतो आणि तेवढाच समोरचा वारा तेवढेच अंतर कापतो. आपल्याकडे रात्री आणि पहाटे मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, तर दुपारी खारा वारा समुद्राकडून येतो. ज्या मैदानाची होम प्लेट समुद्राच्या बाजूला आहे, तेथे दुपारचा सामना हिटरच्या पथ्यावर पडतो. प्लेट पूर्वेला असेल तर तोच वारा उंच फटके गिळून टाकतो आणि अशा दिवशी जमिनीलगत, ताकदीने खेळावे. सामन्याची वेळ ठरवण्याची संधी यजमान म्हणून मिळाली, तर तिचा विचार अवश्य करावा.

घाटावरचा संघ खाली आपल्याकडे खेळायला येतो तेव्हा गणित उलटते. त्यांचे हिटर कमी वळणाच्या कर्व्हबॉलला सरावलेले असतात आणि पहिल्या दिवशी त्यांची बॅट चेंडूच्या वरून जाते. आपल्या पिचरने सुरुवातीच्या डावांत कर्व्हबॉल खाली टाकावा. आपला संघ घाटावरचा मुक्काम संपवून परतला असेल, तर आपल्या हिटरचीही हीच गत होते. त्यांना सामन्याआधी किमान दोन दिवस घरच्या हवेत वळणारे चेंडू पाहायला द्यावेत. लाकडी बॅट पावसाळ्यात उघड्या शेडमध्ये न ठेवता घरात, कोरड्या कपाटात ठेवाव्यात. सामन्याचे चेंडू मात्र दोन्ही संघांना एकाच डब्यातून द्यावेत आणि तो डबा कोणत्या हवेत किती दिवस ठेवला होता, हे पाहुण्या प्रशिक्षकांना विचारण्याआधीच सांगावे.